नासासंधान आणि पुनःसंधान

आमच्या भाषेनें माणसाच्या अब्रूचें ठाणें नाकावर बसविलें आहे. अब्रू गेली कीं नाक कापलें जातें. शरण जावयाचें तर नाक घासावें लागतें. भीत भीत जावयाचें तर नाक मुठींत धरावें लागतें. आणि राग सुद्धां नाकाच्या शेंड्यावरच येऊन बसतो. नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें कशीं येतात हें वऱ्हाडांतल्या कोणत्याहि आजीबाईस विचारावें. ती नांवानिशीं उदाहरणें देईल. ज्या अवयवावर समाजानें एवढा भार टाकला, तो मोडला तर पुन्हां घडवावा ही बुद्धि माणसाला फार लवकर झाली असल्यास त्यांत नवल नाहीं. एकदां घडविलेलें नाक मनासारखें उतरलें नाहीं तर काय करावें, हा प्रश्न मात्र इतिहास सांगणारे सहसा विचारीत नाहींत. ते पहिल्या यशाची कथा सांगून थांबतात.

माझ्यापुढें हा प्रश्न घरांतूनच आला. माझी भाची अकोल्यास असते. लहानपणीं झोपाळ्यावरून पडून तिच्या नाकाचें हाड मोडलें होतें. त्यामुळें मध्यें एक उंचवटा राहिला व शेंडा किंचित् डावीकडे गेला. दोन वर्षांपूर्वीं एका मोठ्या शहरांत तिनें त्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. उंचवटा गेला खरा. पण त्या जागीं खळगा आला, शेंड्याच्या दोन्ही बाजू चिमटल्यासारख्या दिसूं लागल्या, आणि रात्रीं निजलें असतां उजव्या नाकपुडीनें श्वास येईनासा झाला. पैसा गेला तो गेला. पण “आधींचेंच बरें होतें” असें चार बायकांनीं तोंडावर सांगितल्यापासून ती लग्नकार्यांस जाईनाशी झाली. एके रात्रीं तिनें मला मोबाइलवर लांबलचक मजकूर लिहून पाठविला. त्याचा शेवट असा होता : “मामा, तुम्ही इतिहासाचीं पुस्तकें वाचतां. पहिल्या वेळीं बिघडलेलें नाक दुसऱ्यांदां कोणीं नीट केल्याचें कोठें लिहिलेलें आहे का? कीं हें असेंच घेऊन राहावयाचें?”

मी वैद्य नाहीं, आणि पुस्तकांतून कोणाच्या नाकाचा निर्णय लागत नाहीं हें मला समजतें. पण तिच्या प्रश्नानें ज्या वाटेनें मला नेलें ती वाट वाचकांनाहि नवी वाटेल, म्हणून हा लेख.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय मूळचा कान टोंचण्याचा आणि जड अलंकारांनीं फाटलेली पाळी जोडण्याचा आहे. पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार त्यांत मोजून सांगितले आहेत. नाकाचा विधि येतो तो अध्यायाच्या अखेरीस, थोड्या श्लोकांत. तुटलेल्या नाकाएवढें झाडाचें पान घ्यावें. त्या मापानें गालाची त्वचा एका बाजूस जोडलेली ठेवून सोडवावी. नाकाचा खुंट खरवडून ताजा करावा आणि त्यावर ती त्वचा सावधपणें बसवून बांधावी. नाकपुड्यांच्या जागीं दोन नळ्या घालून तें उंच धरावें. वर पतंग, ज्येष्ठमध व रसांजन ह्यांचें चूर्ण टाकावें. पांढरा कापूस ठेवून तो तिळाच्या तेलानें वारंवार भिजवावा. सांधा जुळून आला म्हणजे गालाशीं राहिलेला दुवा कापून टाकावा. हा भाग पुष्कळांनीं वाचलेला असतो, आणि व्याख्यानांतून तर तो इतक्या वेळां सांगितला गेला आहे कीं ऐकणाऱ्यास पाठ असावा.

परंतु विधि येथें संपत नाहीं. दुवा कापल्यावर पुढें काय, तें ग्रंथकारानें लगेच सांगितलें आहे : नवें नाक उणें पडलें तर तें वाढविण्याचा पुन्हां यत्न करावा, आणि मांस फाजील झालें असेल तर तें सम करावें. हा अर्धा श्लोक मी पूर्वीं अनेकदां वाचून पुढें गेलों होतों. भाचीच्या प्रश्नानंतर तो वाचला तेव्हां थबकलों. ज्यानें हें लिहिलें त्यानें आपल्या हातचें किंवा आपल्या गुरूच्या हातचें उणें पडलेलें नाक डोळ्यांनीं पाहिलें असलें पाहिजे. विधि सांगणाऱ्याला आपलें अपयश विधींतच नोंदवून ठेवण्याची लाज वाटलेली नाहीं. किंबहुना दुसरी वेळ यावयाचीच, असें धरूनच तो चालला आहे. उणें आणि अधिक, हे दोन दोष त्यानें सांगितले. आजच्या शस्त्रवैद्यांकडे दुसऱ्यांदां येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी वाचल्या तर बहुतेक सगळ्या ह्याच दोन रकान्यांत बसतात. माझ्या भाचीची तक्रार पहिल्या रकान्यांतली : काढावयाचें तेवढ्याहून अधिक काढलें गेलें, म्हणून नाक उणें पडलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. सुश्रुताचें नांव निघालें कीं आमच्याकडे छाती फुगविण्याची रीत आहे. तो अभिमान खोटा नाहीं, पण अर्धवट आहे. ग्रंथ पंडितांच्या घरीं राहिला आणि हात मात्र दुसऱ्याच घरीं गेला. अठराव्या शतकांत नाक जोडण्याची विद्या ज्याच्यापाशीं जिवंत सांपडली तो शास्त्री नव्हता, वैद्यहि नव्हता. तो पुण्याजवळचा विटा करणारा माणूस होता.

ती हकीकत अशी. १७९० ते १७९२ ह्या काळांत टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज असे तिघे एकत्र आले होते. आमचा वऱ्हाड त्या वेळीं निजामाच्या अंमलाखालीं होता व वसुलांत नागपूरकर भोंसल्यांचा वांटा होता. म्हणजे हें युद्ध दूर कावेरीच्या कांठीं चाललें असलें तरी तें आपल्यास अगदींच परकें होतें असें नाहीं. अशा मोहिमांत लढणाऱ्यांपेक्षां ओझें वाहणारेच अधिक असत. त्यांपैकीं इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकणारा एक मराठा शेतकरी १७९२ मध्यें टिपूच्या लोकांच्या हातीं लागला. त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापला. तो मुंबईच्या फौजेंत परत आला आणि कंपनीनें त्याला निवृत्तिवेतन बांधून दिलें. इंग्रजी कागदांत त्याचें नांव ‘कौआसजी’ असें पडलें आहे. त्यावरून कोणी त्याला पारशी समजतात. पण त्याच कागदांत तो जातीनें मराठा कुणबी असल्याचें म्हटलें आहे. मूळ नांव कावजी असावें आणि ऐकणाऱ्या साहेबाच्या कानानें त्याचें कौआसजी केलें असावें, असा माझा तर्क आहे. पुढें मी त्याला कावजीच म्हणणार.

कावजी सुमारें बारा महिने नाकाविना राहिला. बारा महिने! त्या वर्षांत तो बाजारांत कसा गेला असेल, घरांत कोणत्या बाजूस तोंड करून जेवला असेल, ह्याविषयीं कागद गप्प आहेत. मग १७९३ च्या मार्चच्या सुमारास पुण्याजवळ त्या विटा करणाऱ्यानें त्याला नवें नाक बसविलें. मुंबई इलाख्यांतले दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, ह्यांनीं हा विधि डोळ्यांनीं पाहिला होता. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकांत त्याचें वर्णन एका पत्राच्या रूपानें चित्रासह प्रसिद्ध झालें. पत्राखालीं ‘बी. एल्.’ एवढींच अक्षरें आहेत.

वर्णन मोठें रेखीव आहे. मेणाचा पातळ पत्रा करून तो तुटलेल्या नाकाच्या खुंटावर बसवावयाचा, म्हणजे नाक जसें हवें तसा त्याला आकार येतो. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेंतली कातडी सोडवावयाची, फक्त दोन डोळ्यांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी राखावयाची; कारण तिच्यांतूनच त्या कातडीस रक्त मिळावयाचें असतें. खुंटाच्या भोंवतीं चीर पाडून, पट्टीवर पीळ देऊन कातडी खालीं वळवावयाची व तिची कड त्या चिरेंत बसवावयाची. टांका नाहीं, कांहीं नाहीं. कात पाण्यांत कालवून कापडाच्या पट्ट्यांस लावावयाचा आणि अशा पांचसहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवावयाच्या. चार दिवस त्यास हात लावावयाचा नाहीं. नंतर तुपांत भिजविलेल्या चिंध्या. रोग्यानें पांचसहा दिवस उताणें निजावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापावयाची. विडा खाणाऱ्या देशांत कात सगळ्यांच्या घरीं असतो. त्याचा हा उपयोग कितीजणांना ठाऊक होता कोण जाणे.

पुस्तकांतलें पान येथें मेण झालें आहे आणि गाल सोडून कातडी कपाळाची घेतली आहे. म्हणजे कुंभारवाड्यांतल्या हातानें संहितेची नक्कल केलेली नाहीं. मधल्या शतकांत कोणीतरी, कदाचित् पुष्कळांनीं मिळून, गालावरून कपाळावर जाण्याचा शोध लावला. कपाळाची कातडी जाड, रक्त भरपूर, आणि रंग नाकाशीं मिळता. आजहि मोठें नाक गेलें असेल तर शस्त्रवैद्य तिकडेच वळतात. हा शोध लावणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव उरलेलें नाहीं. ज्याचें नाक गेलें त्याचें नांव राहिलें, पाहणाऱ्या डॉक्टरांचीं नांवें राहिलीं, चित्र काढणाऱ्याचें राहिलें. ज्यानें नाक केलें त्याची नुसती जात लिहिली गेली.

चित्राविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तें जेम्स वेल्स नांवाच्या स्कॉटिश चित्रकारानें काढलें. हा त्या वेळीं पुणें दरबारांतला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्या आश्रयानें पुण्यांत होता. सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांच्या तसबिरी त्यानें काढल्या, आणि १७९५ मध्यें तो ह्याच देशांत वारला. त्यानें कावजीला समोर बसवून चित्र काढलें तें १७९४ च्या जानेवारींत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं. हे दहा महिने माझ्या मतें फार महत्त्वाचे आहेत. पट्टी कापल्याच्या दुसऱ्या दिवशीं चित्र काढलें असतें तर लंडनच्या वाचकाला सुजलेला मांसाचा गोळा दिसला असता. दहा महिन्यांनीं नाक बसलें होतें, कपाळावरचा वण फिका पडूं लागला होता. पत्रांतहि म्हटलें आहे कीं कालांतरानें तो वण फारसा दिसून येत नाहीं. आज दुसऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट काढणाऱ्या रुग्णाला कोणताहि जाणता शस्त्रवैद्य पहिल्यानें सांगतो कीं निदान एक वर्ष जाऊं द्या. सूज पूर्ण उतरण्यास तेवढा काळ लागतो, शेंड्याची सूज सर्वांत मागून उतरते, आणि जाड कातडीच्या नाकांत तर त्याहूनहि उशीर होतो.

तें पत्र वाचून लंडनचा जोसेफ कार्प्यू हा शस्त्रवैद्य अस्वस्थ झाला. तरी स्वतः चाकू उचलण्यास त्यानें वीस वर्षें घेतलीं. मृत देहांवर त्यानें पुनः पुन्हां सराव केला, हिंदुस्थानांत राहून आलेल्यांस गांठून विचारपूस केली, आणि १८१४ च्या ऑक्टोबरच्या २३ तारखेस पहिली शस्त्रक्रिया केली. रोगी एक लष्करी अधिकारी होता. यकृताच्या विकारावर दिलेल्या पाऱ्यानें त्याचें नाक झडलें होतें. दुसरा रोगीहि लष्करांतलाच. त्याचें नाक १८११ च्या आल्बुएराच्या लढाईंत तरवारीनें गेलें होतें. भूल देण्याची युक्ति तेव्हां निघालेली नव्हती. दोघांनींहि तें जागेपणीं सोसलें. १८१६ मध्यें कार्प्यूनें ह्या दोन्ही शस्त्रक्रियांवर पुस्तक छापलें, दोनच वर्षांनीं बर्लिनच्या ग्रेफ ह्यानें आपलें छापलें, आणि ‘हिंदी पद्धति’ हा शब्द युरोपांतल्या शस्त्रवैद्यांच्या तोंडीं बसला. तत्पूर्वीं इटलींत बोलोन्या येथें तालियाकोत्सीनें १५९७ मध्यें दंडाची कातडी घेऊन नाक करण्याचा विधि लिहिला होता. पण त्यांत रोग्याला हात तोंडाशीं बांधून कित्येक दिवस काढावे लागत, आणि त्याच्यामागें तो विधि जवळजवळ विसरला गेला होता.

येथपर्यंतची कथा यशाची आहे आणि ती ठाऊक असते. परंतु कपाळाच्या कातडीचें नाक सहासात महिन्यांनीं कसें दिसे, हें पुढच्या पिढीच्या शस्त्रवैद्यांनीं लिहून ठेवलें आहे, आणि तें फारसें आनंददायक नाहीं. नाकाला तीन थर असतात : वर कातडी, मध्यें हाडाचा व कूर्चेचा सांगाडा, आंत ओलसर अस्तर. कपाळावरून आणलेली कातडी हा फक्त पहिला थर. तिची आंतली बाजू उघडी राही. उघडी जखम भरतांना आकसते हा निसर्गाचा नियमच आहे. त्यामुळें सुरेख उतरलेलें नाक हळूहळू चुरगाळल्यासारखें होई आणि नाकपुड्या आवळून बंद पडत. आंत नळ्या व बोळे घालण्याचा सगळा खटाटोप सुश्रुतापासून चालत आलेला आहे तो ह्याचसाठीं. पण नळी जन्मभर घालून ठेवतां येत नाहीं.

ह्या अपयशावर उपाय ज्यांनीं शोधला त्यांपैकीं एकजण आपल्या शेजारींच होता. होळकरांच्या इंदुरास रेसिडेन्सी सर्जन असलेला कीगन हा आयरिश डॉक्टर. नाक कापलेल्या माणसांची, विशेषतः नवऱ्यानें संशयावरून नाक कापलेल्या बायकांची, त्याच्याकडे रीघ असे. त्यानें नाकाच्या खुंटावर उरलेली कातडीच बिजागरीप्रमाणें खालीं उलटविली, म्हणजे तिची बाहेरची बाजू आंत गेली व अस्तर झालें. त्यावर मग कपाळाची कातडी बसविली. दोन्ही उघड्या बाजू एकमेकींस चिकटल्या आणि आकसण्यास जागाच उरली नाहीं. १९०० मध्यें त्यानें ह्यावर पुस्तक लिहिलें. त्याच्याहि आधीं, १८८९ मध्यें, जुनागडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा ह्यांनीं आपल्या अनुभवावर पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. काठेवाडांत त्या वेळीं कादू मकराणी ह्या दरोडेखोराच्या टोळीनें नाकें कापण्याचा सपाटा चालविला होता, आणि थोड्या वर्षांत शंभराहून अधिक नाकें त्रिभुवनदासांच्या हाताखालून गेलीं. जेथें नाकें फार कापलीं जातात तेथेंच तीं जोडण्याची विद्या वाढते, ही गोष्ट कोणत्याहि देशाच्या गौरवाची नव्हे.

आतां अमरावतीकडे येतों. आमच्या गांवाच्या सीमेवर तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनीं १९४६ मध्यें कुष्ठरोग्यांसाठीं तें उभारलें. तिकडे परतवाड्याजवळ कोठाऱ्यासहि मिशनचें जुनें कुष्ठरुग्णालय आहे. माझ्या लहानपणीं वडील मला तपोवनांत घेऊन जात. एका गृहस्थांची आठवण पक्की आहे. ते बागेंत काम करीत, आवाज गेंगाणा, आणि त्यांचें नाक चेहेऱ्यांत आंत ओढून घेतल्यासारखें बसलेलें. मी टक लावून पाहिलें म्हणून वडिलांनीं परतीच्या वाटेवर मला चांगलेंच फैलावर घेतलें. त्या नाकावर कोणीं तरवार चालविलेली नव्हती. कुष्ठाच्या जंतूंना नाकाच्या आंतला थंड, ओलसर भाग विशेष मानवतो. ते अस्तर आणि मधला पडदा खातात, सांगाडा कोसळतो, आणि वरची कातडी शाबूत असून आंत ओढली जाते.

अशा नाकावर कपाळाची कातडी आणून बसविली तर काय होणार? पुन्हां तेंच, कारण ज्याची उणीव आहे तें आंत आहे, बाहेर नाहीं. हें वर्म ओळखलें हॅरॉल्ड गिलीज ह्यांनीं. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडांत सिडकप येथें हजारो फुटलेले चेहेरे त्यांच्या हाताखालून गेले होते. बसलेल्या नाकाची कातडी आंतून सोडवून उचलावी, सांच्यावर गुंडाळलेला कातडीचा पातळ पापुद्रा आंतून बसवून नवें अस्तर द्यावें, आणि मग त्यास आधार द्यावा, अशी त्यांची रीत. त्यांच्या हाताखालीं शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया ह्यांनीं पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयांत व पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ह्या रीतीनें कुष्ठरोग्यांचीं नाकें उभीं केलीं. कावजीच्या पुण्यापासून कोंढवा तो किती दूर! प्रथम सल्फोन औषधें व १९८२ पासून एकत्रित औषधोपचार सुरू झाल्यावर रोग वेळींच आटोक्यांत येऊं लागला, आणि तशीं बसलेलीं नाकें आतां क्वचितच पाहावयास मिळतात.

गेलेलें नाक परत मिळविणें ही एक गोष्ट आणि असलेलें नाक सुधारून घेणें ही दुसरी. ही दुसरी गोष्ट पुष्कळ अलीकडची. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें जॉन रो ह्यानें १८८७ मध्यें बाहेर वण न पाडतां नाकाचा शेंडा लहान केला. बर्लिनमध्यें याकोब योसेफ ह्यानें १८९८ मध्यें एका तरुणाचें मोठें नाक लहान केलें. त्या नाकापायीं तो तरुण चारचौघांत जाईनासा झाला होता. त्यापूर्वीं दोन वर्षें एका मुलाचे पुढें आलेले कान मागें बसविले म्हणून योसेफला आपली रुग्णालयांतली जागा गमवावी लागली होती. रोग नसतां शस्त्र चालविणें हें तेव्हां पापच मानलें जाई. योसेफचें म्हणणें असें कीं चेहेऱ्यापायीं जो माणसांतून उठला त्याचें दुःख खरें आहे, आणि खऱ्या दुःखावर उपचार करणें हेंच वैद्याचें काम. माझा कल योसेफकडे आहे. तपोवनांतल्या त्या गृहस्थांची आणि माझ्या भाचीची तुलना करणें अनुचित, हें मी जाणतों. पण दोघांनाहि लोकांच्या टक लावण्याचाच त्रास झाला आणि लोकांमध्यें लहानपणीं मीहि होतों.

सुधारणेबरोबर नव्या चुकाहि आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं व्हिएन्नाच्या गेर्सूनीच्या युक्तीवरून नाकाचा खळगा भरण्यास पॅराफिनचें मेण टोंचण्याची टूम निघाली. वीस मिनिटांत नाक सरळ! पुढें तें मेण सरकूं लागलें, त्याच्या गांठी झाल्या, कातडी फुटली. त्या काळची प्रख्यात सुंदरी ग्लॅडिस डीकन, जी पुढें मार्लबरोची डचेस झाली, तिनें नाकाची रेघ अधिक सुबक व्हावी म्हणून असें मेण भरून घेतलें. तें घसरून हनुवटीकडे उतरलें व चेहेरा कायमचा बिघडला. कावजीच्या कुंभाराचेंहि साधन मेणच होतें. पण त्यानें तें मापासाठीं वापरलें आणि काम झाल्यावर काढून ठेवलें.

भाचीला मीं ह्यांतलें थोडेंबहुत सांगितलें, आणि ओळखीच्या एका वृद्ध शस्त्रवैद्यांना तिच्याविषयीं विचारलें. त्यांनीं सांगितलेलें येथें थोडक्यांत देतों. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दुसरी करून घ्यावी लागणाऱ्यांचें प्रमाण साधारणतः शेंकडा ५ ते १५ सांगितलें जातें. म्हणजे ती एकटी नाहीं. दुसरी वेळ पहिल्यापेक्षां अवघड असते, कारण थर वणांनीं एकमेकांस चिकटलेले असतात, रक्तपुरवठा उणावलेला असतो, आणि आधार देण्यासाठीं जी मधल्या पडद्याची कूर्चा घ्यावयाची ती पुष्कळदां पहिल्याच वेळीं संपलेली असते. मग ती कानांतून घ्यावी लागते, नाहींतर छातीच्या बरगडीवरून. चिमटलेल्या नाकपुड्या आणि अडलेला श्वास ह्यांचें कारण बहुधा एकच : आधाराची कूर्चा प्रमाणाबाहेर काढल्यानें श्वास आंत घेतांना नाकाची बाजू आंत ओढली जाते. तो आधार परत दिला तर श्वास मोकळा होण्याचा संभव बराच. दिसण्याचें मात्र वचन देणाऱ्यापासून दूर राहावें. “पहिल्या वेळीं तिला संगणकावर चित्र करून दाखविलें होतें काय?” असेंहि त्यांनीं विचारलें. होतें. असें नाक होईल म्हणून दाखविलेलें तें चित्र अजून तिच्या मोबाइलमध्यें आहे, आणि ती रोज आरशाशीं तें ताडून पाहते. ह्यावर ते कांहीं बोलले नाहींत. मला मात्र पुन्हां तो मेणाचा पत्रा आठवला. कुंभारानें माप घेतलें तें समोर असलेल्या खुंटावरून.

दिवाळीच्या सुटींत ती बडनेऱ्यास गाडीनें उतरली तेव्हां तोंडावर ओढणी होती. घरीं मीं तिला वेल्सच्या चित्राची छापील प्रत दाखविली. पुष्कळ वेळ पाहून ती म्हणाली, “मामा, ह्यांच्या कपाळावरचा वण दिसतो. ह्यांनीं तो झांकला नाहीं.” मग, “आणि श्वास? श्वास नीट येत होता का ह्यांना?” तिची आई म्हणाली, आतां पुन्हां चाकू नको, लोक काय म्हणतील. भाचीनें उत्तर दिलें नाहीं. तिनें माझ्याकडे कागद मागितला आणि नव्या डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न उतरून काढले. पहिला श्वासाचा होता, दुसरा कूर्चा कोठून घेणार हा, तिसरा वर्षभरानें काय राहील हा. दिसण्याचा प्रश्न तिनें चौथा लिहिला, खोडला, आणि पुन्हां लिहिला.

मोबाइलमधलें तें संगणकाचें चित्र तिनें पुसून टाकलें कीं नाहीं, मीं विचारलें नाहीं. दुर्बिणीनें नाकाची तपासणी संक्रांतीनंतरच्या सोमवारीं ठरली आहे. अकोल्याहून तिच्याबरोबर मी जाणार आहें.